शिवमला विचारायचं राहिलं

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये मेंदूचा एक दवाखाना आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली आहे. खोलीत औषध नाही, सुई नाही, तपासायचा पलंग नाही. एक बुटकं टेबल, दोन लहान आणि दोन मोठ्या खुर्च्या, आणि काचेच्या कपाटात लाकडी ठोकळे, चित्रांचे पत्ते, रंगीत मणी. लेकराला अपघात झाला, ताप डोक्यात गेला, फेफरं येतं, शिकवलेलं दुसऱ्या दिवशी राहत नाही, असं काही असलं की खालचे डॉक्टर चिठ्ठी देऊन वर पाठवतात. वर डॉ. मनिषा पाईकराव बसते. ती लहान मुलांच्या मेंदूची मानसतज्ज्ञ आहे. हे नाव कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून मुखेडपासून हिमायतनगरपर्यंतची माणसं तिला ठोकळ्यावाल्या मॅडम म्हणतात. कुणी डोक्याच्या मॅडमही म्हणतं.

मेंदूला मार कुठं बसलाय ते स्कॅनच्या फोटोत दिसतं. त्या मारामुळं लेकराचं रोजच्या जगण्यात काय अडतंय ते फोटोत दिसत नाही. ते शोधायचं काम मनिषाचं. लेकरू ठोकळे कसे लावतं, सांगितलेल्या गोष्टीतलं काय लक्षात ठेवतं, कुठं चिडतं, कुठं गप्प होतं, हे ती दोन-तीन बैठकांत बघते आणि मग आईबापाला शेजारी बसवून समजावून सांगते.

मनिषा हदगावची. वडील आनंदराज पाईकराव एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होते, आई धुरपताबाई अंगणवाडीत मदतनीस. घरात पुस्तकं नव्हती, पण वडिलांना एक सवय होती. बिघडलेली गाडी आगारात आली की ते आधी ड्रायव्हरशी बोलायचे. कुठल्या चढावर दम तोडते, कोणत्या वेळी आवाज करते, सगळं विचारून मगच बॉनेट उघडायचे. मनिषाला मानसशास्त्राची गोडी कशी लागली हे तिला नीट सांगता येत नाही. बारावीला मार्क बरे होते, मेडिकलला लागतात तेवढे नव्हते. नांदेडला बी.ए., औरंगाबादला एम.ए., आणि तिथून बंगळूरच्या मोठ्या संस्थेत पुढचं शिक्षण. तिथं ती मेंदूच्या विभागात गेली आणि तिथंच रमली.

बंगळूरला मराठवाड्याकडची लेकरं यायची. रात्रभर रेल्वेत बसून आलेली, आईच्या पदराआड उभी असलेली. त्यांची तपासणी हिंदीत व्हायची. एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांग, असं विचारलं की लेकरू शेर, हाथी म्हणून थांबायचं. हिंदीत तपासणारे डॉक्टर कागदावर 'कमी' असं लिहायचे. एकदा मनिषानं त्याच लेकराला आपल्या बोलीत विचारलं, तर त्यानं शेळी, बोकड, पाट, करडू, कालवड, गोऱ्हा, वासरू असा गोठाच उभा केला. त्या दिवशी तिनं परत जायचं ठरवलं. बंगळूरच्या मैत्रिणी म्हणाल्या, तिकडं तुला कोण विचारणार? पण तिकडं विचारणारी माणसं खूप निघाली.

तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ काही प्रमाणात त्यात आहे. ती शाळेत असताना शिष्यवृत्ती वाटायच्या दिवशी गुरुजी वर्गात उभं राहून मुलांची नावं पुकारायचे, आणि नावाच्या आधी जात. मनात काही वाईट नसेलही त्यांच्या. पण नाव पुकारलं की चाळीस डोकी वळायची. मनिषा टेबलापर्यंत मान खाली घालून जायची. आपल्याबद्दलची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून चारचौघांत ऐकणं काय असतं, हे तिला तेव्हाच कळलं. पुढं बंगळूरला जेव्हा शिकवलं गेलं की पेशंटची गोष्ट ही पेशंटची मालकी, ती दुसऱ्याला द्यायचा आपल्याला हक्क नाही, तेव्हा बाकीच्यांनी तो नियम म्हणून लिहून घेतला. तिला तो आधीपासूनच पटलेला होता.

शिवम टेकाळे तिच्याकडं आला तेव्हा पाचवीत होता. मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातला. चुलत्याच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शेतातून येत होता. वळणावर तोल गेला आणि कपाळाच्या बाजूनं खडीवर पडला. नांदेडला ऑपरेशन झालं. लेकरू वाचलं, चालायला लागलं, बोलायला लागलं. गावानं पेढे खाल्ले. मग शाळा सुरू झाली आणि तक्रारी यायला लागल्या. मारामारी करतो. शिक्षक बोलत असताना मध्येच उठून जातो. मयतीच्या घरी मोठ्यानं हसला.

वडील भागवत टेकाळे पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, पोरगं आधी असं नव्हतं. लाडानं बिघडलंय. हिनं लई डोक्यावर घेतलंय."

'ही' म्हणजे शिवमची आई सिंधु. ती शिवमची कॉलर नीट करत होती.

मनिषानं शिवमला तपासलं. हिशेब चांगला, पाठांतर चांगलं, ठोकळे भराभर लावले. मग तिनं रंगांचे पत्ते काढले. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला, 'निळा' पिवळ्या शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. शिवम प्रत्येक वेळी शब्दच वाचायचा. चूक लगेच कळायची, जीभ चावायचा, आणि पुढच्या पत्त्यावर पुन्हा तेच. शेवटी त्यानं पत्ते भिरकावून दिले. दुसऱ्या क्षणाला ते गोळा करायला टेबलाखाली शिरला.

त्या बैठकीत तिनं कॉफीची पूड, कापूर आणि साबण अशा तीन डब्या त्याच्या नाकाशी धरल्या. शिवमला कशाचाच वास आला नाही. सिंधु एकदम म्हणाली, "मॅडम, परवा चुलीवर दूध जळून कोळसा झालं. हा तिथंच बसून अभ्यास करून राहिला होता. मी म्हणलं, मुद्दाम बोलला न्हाई."

मनिषानं दोघांना समजावलं. कपाळामागचा मेंदूचा भाग माणसाला आवरून धरतो. मनात आलेलं सगळं तोंडातून आणि हातातून बाहेर पडू देत नाही. शिवमच्या त्या भागाला मार बसलाय, वासाच्या नसा तिथंच तुटल्यात. तो वाईट नाही. त्याची हुशारी गेलेली नाही. त्याचा ब्रेक कमजोर झालाय. तो पूर्ण दुरुस्त होणार नाही, पण सवयी लावता येतील.

भागवत उठून बाहेर गेले. सिंधुनं मात्र सगळं ऐकून घेतलं.

पुढची सात-आठ वर्षं सिंधु त्याला घेऊन येत राहिली. राग आला की बोलायचं नाही, आधी पाणी प्यायचं. कुणी रडत असेल तिथं आईकडं बघायचं आणि आई करेल तसं करायचं. आई 'थांब' म्हणाली की थांबायचं, का ते नंतर विचारायचं. शिवम हे मनापासून पाळायचा. दहावी झाला, बारावी झाला, मुखेडला एका कृषी सेवा केंद्रात कामाला लागला. गिऱ्हाइकांना तो आवडायचा, कारण फवारणीचं प्रमाण त्याला तोंडपाठ असायचं. मग येणं कमी झालं आणि हळूहळू बंद झालं. मनिषानं त्याला मार्गी लागलेल्या लेकरांत धरलं. दिवाळीला त्याचा मेसेज यायचा.

मनिषा महिन्यातले दोन शनिवार लातूरलाही बसते, औसा रोडवरच्या एका बालरुग्णालयात. तिथं तिच्याकडं साक्षी भिसे नावाची मुलगी यायची. फेफऱ्याचा आजार होता आणि वाचन अडायचं. वडील अमृतराव भिसे आडत दुकानात मुनीम. मनिषानं शाळेशी बोलून साक्षीला परीक्षेत जास्तीचा वेळ मिळवून दिला, वाचायची वेगळी रीत शिकवली. साक्षी दहावी पास झाली तेव्हा अमृतराव आणि त्यांची बायको शिवगंगा दोघं पेढे घेऊन आले. शिवगंगाबाई म्हणाल्या, "तुमच्यामुळं पोरगी शाळेत टिकली." मोठी मुलगी सुकन्या फार्मसीचा डिप्लोमा करून एका मेडिकल दुकानात कामाला होती. साक्षीला बऱ्याचदा तीच घेऊन यायची आणि गोळ्यांबद्दल नेमके प्रश्न विचारायची.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शनिवारी अमृतराव एकटेच आले.

"मॅडम, एक विचारायचं होतं. साक्षीचं न्हाई. मोठीचं."

"सुकन्याचं? बोला ना."

"स्थळ आलंय. मुखेडकडचं. टेकाळे म्हणून हायेत. पोरगं खताच्या दुकानात हाय, घरचं शेत हाय, काही व्यसन न्हाई. शिवम नाव." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "तिकडं आमचा एक पाहुणा हाय. तो म्हणला, लहानपणी त्या पोराला नांदेडला डोक्याच्या मॅडमकडं नेत होते. मी म्हणलं, डोक्याच्या मॅडम म्हणजे आपल्याच मॅडम. म्हणून आलो."

मनिषानं पेनाला टोपण लावलं. समोर बसलेला माणूस तिच्यावर विश्वास ठेवून आला होता. ज्याच्याबद्दल तो विचारत होता, त्यानंही तिच्यावर विश्वासच ठेवला होता.

"अमृतराव, माझ्याकडं कोण येतं आणि कशासाठी येतं, हे मी कुणालाच सांगत नाही. तुम्हालाही नाही. साक्षीबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. उद्या तिच्या स्थळाकडचं कुणी आलं तरी हेच उत्तर देईन."

"ते हाय," अमृतराव म्हणाले. "ते बरोबरच हाय."

"पण एक सांगते. मुलामुलीला भेटू द्या. एकदा नाही, चार वेळा. मोठी माणसं जवळ नसताना. सगळं बोलू द्या. आणि घाई करू नका."

अमृतरावांनी मान हलवली. उठताना त्यांचा चेहरा सैल झाला होता. दारातून वळून ते म्हणाले, "न्हाई म्हणला न्हाईत मॅडम, यातच आलं सगळं. काही असतं तर आम्हाला तरी तुम्ही सुचवलंच असतं."

ते गेले. तिच्या गप्प राहण्याचा त्यांनी काय अर्थ घेतला हे मनिषाला स्वच्छ कळलं होतं. त्यांना हाक मारावी असं वाटलं. हाक मारून काय सांगायचं ते सुचेना. 'माझ्या गप्प राहण्याचा अर्थ चांगला नाही' असं म्हटलं तर ते सांगितल्यासारखंच झालं असतं. दारात पुढचं लेकरू आणि त्याची आई उभी होती. तिनं त्यांना आत घेतलं.

नांदेडला आल्यावर तिनं सिंधुला फोन केला.

"सिंधुताई, शिवमचं लग्न ठरतंय असं कानावर आलं."

"हाव मॅडम. तुम्हाला सांगणारच होते."

"मुलीला अपघाताचं सांगितलंय का?"

सिंधुनं आधी कुणाला तरी बाहेर जायला सांगितलं. मग म्हणाली, "मॅडम, इतकी वर्षं झाली. पोरगं कमवून राहिलंय. लोकांची धडधाकट पोरं दारू पिऊन बायकोला मारत्यात, माझ्या पोरानं कधी सुपारी खाल्ली न्हाई. आता जुनं उकरून काढलं तर पोरगी कोण देईल?"

"जुनं नाही ते. रोजचं आहे. तुम्ही त्याच्या शेजारी असता म्हणून दिसत नाही. तुम्ही त्याला सांभाळता हे तुम्हालाही आता लक्षात येत नाही. तिला माहीत नसेल तर ती कशी सांभाळेल?"

"लग्न झाल्यावर सांगू. मी सोता सांगते तिला, हळूहळू. पाया पडते मॅडम, तुम्ही काही बोलू नका."

"मी कुणाला सांगणार नाही. पण तुम्ही सांगा. लग्नाआधी सांगा."

"बघते," सिंधु म्हणाली.

एवढं करून मनिषानं ते प्रकरण मनातून बाजूला ठेवलं. नियम पाळला होता, आईलाही बजावलं होतं. शिवमचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. त्याला फोन करावा हे तिला सुचलंच नाही. तो बावीस-तेवीस वर्षांचा झाला होता, दुकान सांभाळत होता, मतदान करत होता. पण तिच्या मनात तो पत्ते गोळा करायला टेबलाखाली शिरलेला पाचवीतला पोरगाच होता, आणि त्याच्याबद्दल बोलायचं म्हणजे त्याच्या आईशी बोलायचं, ही तिची जुनी सवय होती.

लग्नाची पत्रिका तिला दोन्हीकडून आली. ती गेली नाही. पुण्याला कार्यशाळा आहे असं तिनं दोन्ही घरांना कळवलं. कार्यशाळा खरोखरच होती, पण ती एका दिवसात संपणारी होती.

वर्षभरानं सुकन्या लातूरच्या खोलीत आली. साक्षी बरोबर नव्हती. मोठी खुर्ची रिकामी असताना सुकन्या लहान खुर्चीवरच बसली.

"मॅडम, बाबा लग्नाआधी तुमच्याकडं आले होते ना?"

"आले होते."

"तुम्हाला माहीत होतं."

मनिषानं उठून दार लोटून घेतलं. सुकन्याच म्हणाली, "न्हाई, आता लपवायचं कारण न्हाई. त्यानंच सांगितलं मला सगळं. तुमचं नाव त्यानंच घेतलं."

मग तिनं सांगितलं. लग्नानंतर दोघं मुखेडला खोली करून राहिले. दुकान जवळ पडावं म्हणून. सासू गावी. पहिले काही आठवडे बरे गेले. मग शिवम बारीकसारीक गोष्टींवरून ओरडायला लागला. एकदा भाजीचं ताट भिंतीवर फेकलं आणि लगेच फडकं घेऊन भिंत पुसायला बसला. दुकानाच्या मालकाशी भांडून दोनदा काम सोडलं, दोनदा परत गेला. सुकन्याची आजी वारली तेव्हा लातूरला सगळी रडत असताना त्यानं भर माणसांत विचारलं, अजून किती वेळ लागल? माहेरच्या माणसांनी तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. घरात पोळी करपली, दूध उतू गेलं, तरी शेजारी बसून तो कधी सांगायचा नाही. सुकन्याला वाटायचं, याला आपल्या कष्टाची काही किंमतच नाही.

"मागच्या महिन्यात मी बाहेरून आले तर दारातच गॅसचा वास. शेगडीची खटकी उघडी. हा आत चहा करायला लायटर शोधून राहिला होता. मी ओढून बाहेर काढलं त्याला. म्हणलं, मरायचंय का? तर म्हणला, मला वास येत न्हाई. मी म्हणलं, सर्दी झालीय का? तर म्हणला, न्हाई, पाचवीपासूनच येत न्हाई." सुकन्याचा आवाज सपाट होता. "मंग मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. केस बाजूला करून टाके दाखवले. ट्रॅक्टर, ऑपरेशन, तुमचे रंगाचे पत्ते, सगळं. काही लपवलं न्हाई. एका बैठकीत सगळं सांगितलं."

"हे औषधानं जाणारं नाही," मनिषा म्हणाली. "पण सांभाळता येतं. मी शिकवू शकते. तुम्हा दोघांना."

"माहिती हाय मला. मी मेडिकलवर बसलेली पोरगी हाय मॅडम, जखम काय असते ते मला कळतं. साक्षीचे झटके मी लहानपणापासून सांभाळले." तिनं मांडीवरची पर्स टेबलावर ठेवली. "तुम्हाला खरं सांगते. आधी कळलं असतं तर कदाचित मी हो म्हणले असते. तो मनानं चांगला हाय. पण मी वर्षभर त्याला नालायक समजून भांडले. त्याला नको ते बोलले. त्याच्या आईला बोलले. तो पण मला बोलला. आता सगळं कळलंय, पण मन विटलंय. ते काही परत येत न्हाई."

 "मला माफ कर" असं मनिषा म्हणाली. सुकन्यानं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे तिला समजलं नाही.

पुढच्या आठवड्यात मनिषानं शिवमला फोन केला. लग्नाआधी करायला हवा होता तो फोन. तो दुसऱ्याच दिवशी मुखेडच्या एस.टी.नं नांदेडला आला. दाढी वाढली होती, अंगानं भरला होता. टेबल बघून हसला.

"हेच टेबल हाय अजून?"

"हेच आहे. शिवम, लग्नाआधी तू सुकन्याला का नाही सांगितलंस?"

"आई म्हणली, ऑपरेशनचं बोलायचं न्हाई. म्हणून न्हाई बोललो." त्यानं तिच्याकडं सरळ बघितलं. "तुम्हीच शिकवलं होतं न मॅडम. आई थांब म्हणली की थांबायचं."

मनिषानं समोरची वही मिटली.

"आम्ही दोनदा भेटलो होतो, अहमदपूरच्या हॉटेलात. तिनं विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? मला सांगायचं होतं. पण आईनं सांगितलेलं." तो बोटानं टेबलाची कड घासत होता. "तुम्ही आईला फोन केला होता म्हणे. मला का न्हाई केला? मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. माझंच डोकं हाय ते."

रागावून बोलला नव्हता तो. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मनिषानं त्याला सांगितलं की चूक तिची आहे, तो मोठा झालाय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. शिवमनं ते ऐकलं आणि "बरं," म्हणाला. मग त्यानं विचारलं, सुकन्या परत येईल का? मनिषा म्हणाली, मला तसं वाटत नाही. तो उठला, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायला, पुन्हा येऊन बसला, आणि मग रडला.

सुकन्या परत गेली नाही. लातूरच्या कोर्टात दोघांच्या संमतीनं ते लग्न मोडलं. कुणी कुणावर आरोप केले नाहीत. सुकन्या पुन्हा त्याच मेडिकल दुकानात बसू लागली.

मनिषा एका शनिवारी काम संपल्यावर अमृतरावांच्या घरी गेली. शिवगंगाबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला आणि आत निघून गेल्या. अमृतराव बाजेवर बसले होते. मनिषानं जे सांगायचं ते सांगितलं. शिवमबद्दल दुसऱ्याला सांगायचा तिला हक्क नव्हता, पण शिवमलाच गाठून, तू सांग, एवढं म्हणायचा हक्क तिला होता. ते तिनं केलं नाही.

अमृतरावांनी बाजेवर सरकून तिला बसायला जागा केली.

"तुमचं चुकलं न्हाई मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही तर म्हणलाच होता, चार वेळा भेटू द्या. मी दोनदा भेटू दिलं, तिसऱ्यांदा सुपारी फोडली. तुम्ही गप बसलात ते मी सगळं ठीक हाय असं ऐकलं. माणूस त्याला पाहिजे तेच ऐकतंय."

त्यांनी तिला दोष दिला असता तर बरं झालं असतं असं मनिषाला जिना उतरताना वाटलं. साक्षीला त्यांनी नंतर तिच्याकडं आणलं नाही. साक्षी आता कॉलेजात आहे आणि तिच्या गोळ्या बदलायला हव्या होत्या. मनिषानं निरोप पाठवला, दुसऱ्या डॉक्टरचं नाव कळवलं. त्यांनी त्या डॉक्टरला दाखवलं की नाही हे तिला कळलं नाही.

या सगळ्यानंतर तिनं आपल्या कामात एक बदल केला. जुनं पेशंट लेकरू अठरा वर्षांचं झालं की ती त्याला एकट्याला बोलावते, आईबापाला बाहेर बसवते, आणि तुझ्या आजाराचं कुणाला कळलेलं चालेल, कुणाला नाही, कोण सांगेल, हे त्याच्याशी बोलते. आयांना राग येतो. काही लेकरं लाजतात. बाकीच्या डॉक्टरांना ती हे सांगते तेव्हा ते म्हणतात, चांगली पद्धत आहे. ती कुठून आली हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

शिवम महिन्यातून एकदा एकटाच येतो. पुन्हा त्याच दुकानात कामाला आहे. गॅसच्या शेगडीला त्यानं गळती कळवणारं यंत्र बसवून घेतलंय. राग आवरायचं काम चालू आहे, कधी जमतं, कधी नाही. सिंधु पुन्हा त्याच्यासाठी मुली बघू लागली आहे, आणि आता शिवम बैठकीत पोहे यायच्या आधीच सगळ्यांसमोर सांगतो, "माझं डोक्याचं ऑपरेशन झालेलं हाय. मला वास येत न्हाई आणि राग लवकर येतो. पहिलं लग्न त्यामुळंच मोडलं." माणसं चहा घेतात, घरी कळवतो म्हणतात आणि कळवत नाहीत.

मागच्या महिन्यात असंच एक स्थळ गेलं. दुपारी सिंधुचा फोन आला. मनिषा दोन पेशंटांच्या मध्ये डबा उघडून बसली होती.

"मॅडम, पुन्हा गेले लोक उठून."

"हं."

"खरं बोलायचं म्हणता तुम्ही, ते बोलून राहिलाय तो. मी आता अडवत न्हाई त्याला. पण मला एक सांगा. मी आज हाय, उद्या न्हाई. माझ्या मागं त्याला थांब कोण म्हणल?"

मनिषानं उत्तर शोधलं. बंगळूरला शिकलेलं, पुस्तकांत वाचलेलं, इतक्या वर्षांच्या कामात बघितलेलं सगळं मनात फिरवून झालं.

"मला माहीत नाही, सिंधुताई," ती म्हणाली.

 पलीकडं कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता, त्याचा आवाज फोनमध्ये येत होता.

"जेवलात का?" सिंधुनं विचारलं.

"नाही अजून."

"जेवून घ्या मंग. दोन वाजून गेलेत," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.